भेदाचा पुरावा

शिगम्याच्या दिवसांत ज्यांनी गोफ पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. वर एका ठिकाणी रंगीत दोऱ्या बांधलेल्या असतात. प्रत्येक गड्याच्या हाती एकेक दोरी असते. घुमट, शामेळ आणि झांज यांच्या ठेक्यावर गडी एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरू लागतात आणि पाहता पाहता डोक्यावर एक घट्ट, सुबक वेणी तयार होते. हा खेळ मुख्यतः सांगे-काणकोणकडचा. परंतु शिगमोत्सवाच्या मिरवणुकींमुळे आता पेडण्याच्या आणि डिचोलीच्या माणसांनाही तो परका राहिलेला नाही. गोफ विणून पुरा झाला की लोक टाळ्या देतात. आम्हांस मात्र नवल वाटत आले आहे ते पुढच्या भागाचे. गडी तीच पावले उलट क्रमाने टाकू लागतात, वेणी खालून उकलत जाते, आणि अखेरीस दोऱ्या जशा होत्या तशा सुट्या लोंबू लागतात.

गोफ सुटतो, कारण तो कसा विणला हे विणणारांस ठाऊक असते. पण विणताना आपण तेथे नव्हतो आणि आपल्यापुढे आला तो केवळ गुंता, अशी कल्पना करा. तो सुटेल की नाही हे कसे सांगावे? तासभर खटपट करून तो सुटला नाही, तर ‘हा सुटणारा नव्हेच’ असे म्हणण्याचा अधिकार आपणांस मिळतो काय? प्रश्न वरवर पाहता दोऱ्याचा आहे. वस्तुतः तो प्रमाणांचा आहे, आणि काही अंशी नीतीचाही आहे.

तो नीतीचा आहे हे आमच्या ध्यानात आले ते एका निराळ्याच प्रसंगाने. काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका देवस्थानात आम्ही बसलो असता मंगळूरकडील एक कुटुंब तेथे आले. आमचे पूर्वज येथलेच, ही आमची कुलदेवता, आमचे नाव कुळाव्यांत लिहून घ्यावे, अशी त्यांची विनंती होती. त्यांचे आडनाव या गावात कोणी ऐकलेले नव्हते. बोलण्यात कानडीचा हेल होता. नैवेद्याची रीतही इकडच्याहून वेगळी होती. एक महाजन म्हणाले, “आडनाव बघा, बोली बघा, हे आपल्यांतले नव्हेत.” दुसरे म्हणाले, “गोत्र तर आपलेच सांगतात. मग आणखी काय पाहिजे?” दोघेही सज्जन, दोघांच्याही मनात खोट नव्हती. आम्ही त्या वेळी गप्प बसलो, कारण दोघांच्याही बोलण्यात काहीतरी चुकते आहे एवढेच कळत होते. काय चुकते ते सांगता येत नव्हते. ते पुढे उमगले ते धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून नव्हे, तर गाठींच्या गणितातून.

गणितज्ञ ज्याला गाठ म्हणतात तिची टोके मोकळी नसतात. एक दोरा घ्या, त्याला साधी एकेरी गाठ मारा आणि मग दोन्ही टोके एकमेकांस चिकटवून टाका. टेबलावर ती नीट पसरली तर बेलाच्या पानासारखी तीन पाकळ्यांची आकृती दिसते, आणि दोरा स्वतःलाच तीन ठिकाणी ओलांडतो. हिला आपण त्रिदल गाठ म्हणू. गाठ न मारताच टोके जोडली तर होते ते नुसते कडे. दोरा न कापता, केवळ ओढून, सैल करून, फिरवून एका आकृतीची दुसरी करता आली, तर त्या दोन आकृती म्हणजे एकच गाठ. करता येत नसेल तर त्या दोन निराळ्या गाठी. व्याख्या इतकी सोपी आहे की लहान मुलासही कळावी. अडचण आहे ती ‘करता येत नसेल’ या तीन शब्दांत.

या विषयास प्रारंभ झाला तो मोठ्या विलक्षण कारणाने. १८६७ साली लॉर्ड केल्विन यांनी (तेव्हा ते विल्यम टॉमसन होते) अशी कल्पना मांडली की परमाणू म्हणजे ईथरमधील गाठ पडलेले भोवरे असावेत. जितक्या प्रकारच्या गाठी तितकी मूलद्रव्ये. ती कल्पना पुढे टिकली नाही, ईथरही टिकला नाही. पण त्यांचे स्नेही पीटर टेट यांनी तिच्या भरवशावर गाठींची कोष्टके करावयास घेतली, आणि अमेरिकेतील चार्लस् लिटल यांनी ती पुढे वाढवली. काम चालले ते हाताने आणि डोळ्यांनी. दोन आकृती समोर ठेवावयाच्या, एकीची दुसरी होते का ते पाहावयाचे. पुष्कळ खटपट करूनही झाली नाही तर दोन्ही वेगवेगळ्या म्हणून कोष्टकात लिहावयाच्या. त्या काळी त्यांच्या हाती दुसरे साधनच नव्हते, म्हणून त्यांना दोष देणे योग्य होणार नाही.

१९७४ साली न्यूयॉर्कमधील केनेथ पेर्को नावाच्या वकिलांनी दाखवून दिले की दहा छेदांच्या गाठींच्या त्या कोष्टकातील दोन गाठी मुळी दोन नाहीतच, एकच आहेत. एकोणिसाव्या शतकापासून तोपर्यंत त्या स्वतंत्र म्हणून छापल्या जात होत्या, आणि ज्यांनी त्या तशा छापल्या ते सारे जाणते लोक होते. लिटल यांची एक समजूत येथे विशेष पाहण्यासारखी आहे. दोऱ्याला एक दिशा दिली की प्रत्येक छेद उजव्या वळणाचा की डाव्या वळणाचा हे ठरते. उजव्यास अधिक एक आणि डाव्यास उणे एक असे धरून बेरीज घेतली, आणि आकृतीत फुकटचा पीळ नसला, तर ही बेरीज त्या गाठीपुरती पक्की असते, असे त्यांनी मानले होते. पेर्को यांनी एक करून दाखवलेल्या दोन आकृतींत ही बेरीज निरनिराळी येते. म्हणजे ज्या खुणेवर विश्वास ठेवावा ती खूणच गाठीची नव्हती. ती गाठ कागदावर कशी पसरली आहे याची होती.

आपल्या शास्त्रकारांनी तटस्थ लक्षणाचे उदाहरण देताना ज्यावर कावळा बसला आहे ते देवदत्ताचे घर, असे म्हटले आहे. त्या क्षणी घर दाखवावयास ते पुरे आहे. पण कावळा उडून गेल्यावर कोणी म्हणेल की आता हे देवदत्ताचे घर राहिले नाही, तर आपण हसू. लिटल यांची बेरीज म्हणजे असा कावळा होता. आमच्या या नियतकालिकाची पाने दोन भाषांत निघतात. त्या दोहोंच्या भेदाभेदावर कित्येक पिढ्या जी शाई सांडली, तिच्यापैकी किती कावळ्यांवर खर्ची पडली असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. आम्ही त्यात पडत नाही.

‘पुष्कळ खटपट केली, सुटली नाही, म्हणून सुटणारी नव्हे’ या अनुमानाचा विचारही आपल्याकडे फार बारकाईने झालेला आहे. कुमारिलभट्टांच्या मताचे मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैती हे अनुपलब्धी नावाचे सहावे प्रमाण मानतात. वस्तू आढळली नाही यावरून ती नाही असे ज्ञान होते. पण एका अटीवर. ती वस्तू तेथे असती तर आढळलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. खोलीत दिवा आहे, डोळे धड आहेत आणि घडा दिसत नाही. तर घडा नाही. काळोखात घडा दिसला नाही एवढ्यावरून घडा नाही असे म्हणणाऱ्यास नैयायिक सभेत बसू देणार नाहीत. गाठ सोडवण्याचे मार्ग अगणित आहेत. आपण शंभर पाहिले, एकशे एकावा पाहिला नाही. तेथे आपण काळोखातच उभे असतो.

मग दिवा कोणता? सुटण्याचे मार्ग एकेक करून पाहत बसण्याऐवजी असे काहीतरी शोधावयाचे की जे कोणत्याही मार्गाने बदलणार नाही. जर्मन गणिती कुर्ट रायडेमाइस्टर यांनी १९२७ साली सिद्ध केले की दोऱ्याची कसलीही ओढाताण कागदावर काढली तर ती तीनच प्रकारच्या हालचालींची मालिका असते. दोऱ्याला एक पीळ पडणे अथवा जाणे, ही पहिली. एक धागा शेजारच्या धाग्यावर चढणे अथवा उतरणे, ही दुसरी. आणि दोन धाग्यांच्या छेदावरून वा छेदाखालून तिसरा धागा पलीकडे सरकणे, ही तिसरी. अमेरिकेत अलेक्झांडर आणि ब्रिग्ज हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेथेच पोचले होते. आता काम सोपे झाले. या तीन हालचालींनी जे बदलत नाही ते कशानेच बदलणार नाही. अशा खुणेला आम्ही अविकारी लक्षण म्हणू.

त्यांतले सर्वांत साधे लक्षण वाचकांस घरबसल्या पडताळता येईल, म्हणून ते सविस्तर सांगतो. गाठीची आकृती कागदावर काढा आणि जेथे दोरा दुसऱ्याच्या खालून जातो तेथे रेघ तोडा. त्यामुळे आकृतीचे तुकडे पडतात. त्रिदल गाठीचे तीन पडतील. हे तुकडे हळदीच्या, कुंकवाच्या आणि निळीच्या अशा तीन रंगांनी रंगवा. नियम एवढाच की प्रत्येक छेदाशी जे तीन तुकडे भेटतात, वरचा एक आणि खालचे दोन, ते तिन्ही एका रंगाचे तरी असावेत किंवा तिन्ही वेगळ्या रंगांचे तरी असावेत. दोन एका रंगाचे आणि एक वेगळा, असे चालणार नाही. शिवाय सबंध आकृतीत एकाहून अधिक रंग आले पाहिजेत.

त्रिदल गाठ या नियमाने सहज रंगते: तीन तुकड्यांस तीन रंग द्या, प्रत्येक छेदाशी तिन्ही भेटतात. नुसत्या कड्याचा तुकडा एकच. त्याला एकाहून अधिक रंग मिळणे शक्य नाही. आता हालचाली पाहा. दोऱ्याला पीळ पडला तर नव्या छेदाशी भेटणारे सगळे तुकडे एकाच रंगाचे ठेवावे लागतात. रंगसंगती बिघडत नाही. हळदीचा धागा कुंकवाच्या धाग्यावर चढला, तर खाली दबलेल्या मधल्या तुकड्यास निळीचा रंग द्यावा. पलीकडे धागा पुन्हा कुंकवाचाच निघतो. तिसऱ्या हालचालीत थोडी अधिक प्रकरणे तपासावी लागतात. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास एका बैठकीत ती आटोपतात. तेव्हा जी आकृती रंगते ती कितीही ओढाताण केली तरी रंगणारीच राहते, आणि न रंगणारी कधी रंगत नाही. त्रिदल गाठ सुटून कडे होणे शक्य असते, तर रंगणारी वस्तू न रंगणारी झाली असती. म्हणून ती सुटणार नाही. आज नाही, हजार वर्षांनी नाही, कितीही कुशल हात असला तरी नाही. एकाही मार्गाने न जाता सर्व मार्ग बंद आहेत हे कळले, याचा आनंद आम्हांस प्रथम झाला तो अजून ओसरलेला नाही.

परंतु याच लक्षणाची दुसरी बाजू आहे. चार छेदांची, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी एक गाठ असते. ती या नियमाने रंगत नाही. म्हणून ती त्रिदल गाठ नव्हे, हे सिद्ध झाले. पण कडेही रंगत नाही. मग ती कडेच आहे काय? नाही. तीनऐवजी पाच रंगांचा एक तसाच नियम आहे, त्याने ती कड्याहून वेगळी ठरते. लक्षण जुळले नाही तर भेद पक्का. लक्षण जुळले म्हणून अभेद पक्का होत नाही.

गेल्या शंभर वर्षांतील या शास्त्राचा इतिहास बव्हंशी या एका वाक्याचा इतिहास आहे. १९२८ साली अलेक्झांडर यांनी प्रत्येक गाठीस एक बहुपदी जोडून दिली. ती फार सूक्ष्म भेद दाखवते, पण गाठ आणि तिचे आरशातील प्रतिबिंब यांत भेद करीत नाही. उजव्या आणि डाव्या शंखातील फरक आपले लोक किती जपतात हे सांगावयास नको. त्रिदल गाठीचीही उजवी आणि डावी अशी दोन रूपे आहेत, आणि ती एकमेकांत बदलत नाहीत, हे माक्स डेन यांनी १९१४ मध्येच दाखवले होते. अलेक्झांडर यांची बहुपदी मात्र दोघांस एकच उत्तर देते. १९८४ साली व्हॉन जोन्स यांना एक नवी बहुपदी सापडली, जी हा भेद दाखवते. ती त्यांना मिळाली ती गाठी सोडवताना नव्हे, तर अगदी वेगळ्या प्रांतात, जेथे त्यांच्या समीकरणांचे रूप वेणीच्या गणितासारखे निघाले. म्हणजे आमच्या गोफासारखे. कोणतीही गाठ ही एखाद्या वेणीची वरची टोके खालच्या टोकांस जोडून मिळते, हे अलेक्झांडर यांनीच १९२३ साली सिद्ध केले होते. गोफ आणि गाठ यांतले अंतर एवढेच. टोके मोकळी आहेत तोवर उलट पावलांनी परत जाता येते. ती जोडली गेली की त्या वाटेने परतणे संपले.

जोन्स यांच्या बहुपदीलाही मर्यादा आहेत. नऊ आणि दहा छेदांच्या दोन गाठी अशा आहेत की त्या आपल्या प्रतिबिंबाहून वेगळ्या असूनही जोन्स यांच्या आणि त्यानंतर निघालेल्या अधिक व्यापक बहुपदी तो भेद पाहू शकत नाहीत. भौतिकीतील एका सिद्धांताच्या आधारे नवी लक्षणे काढून हा भेद ज्यांनी १९९४ साली दाखवला ते तिघे भारतीय होते: रमादेवी, गोविंदराजन आणि कौल. यांपैकी रमादेवी पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झाल्या. एवढे होऊनही एक साधा प्रश्न अद्याप उभाच आहे. जोन्स यांची बहुपदी जिच्याबाबत कड्यासारखीच येते ती गाठ कडेच असते काय? याचे उत्तर कोणासही आलेले नाही.

मग अभेद सिद्ध होतो तरी कसा? पेर्को यांनी तो कसा केला हे पाहा. त्यांनी कोणतेही लक्षण जुळवले नाही. एका आकृतीपासून दुसरीपर्यंत कसे जावयाचे ते एकेक पाऊल करून दाखवले. भेदासाठी न बदलणारी खूण पाहिजे, आणि अभेदासाठी येथून तेथपर्यंत न तुटलेला मार्ग पाहिजे. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या कामी येत नाही.

नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वरासंबंधी आमची श्रद्धा कशावर उभी आहे हे या दृष्टीने पाहिले म्हणजे मनास समाधान होते. कदंब राजांचे हे दैवत मूळचे नदीपलीकडे, दिवाडी बेटावरील नार्व्याचे. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. पुढे पोर्तुगीजांनी देऊळ पाडले. लिंग विहिरीच्या कामी लावले होते असे परंपरा सांगते. भाविकांनी ते तेथून हलवून या तीरावर आणले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवालय पुन्हा बांधवले. स्थळ बदलले, देवळाचा आकार बदलला, राज्ये बदलली. तरी ‘तो हाच’ असे आपण म्हणतो ते देवळाच्या दिसण्यावरून नव्हे. पाऊलन् पाऊल मार्ग दाखवता येतो, म्हणून म्हणतो. वेदान्ती ‘हा तोच देवदत्त’ या वाक्याचा अर्थ लावताना तेव्हाचे स्थळ-काळ आणि आताचे स्थळ-काळ टाकून देतात. जे टाकावयाचे ते कोणते हे त्यांना ठाऊक आहे.

शिरगावची श्रीलईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय या बहिणी, असे आपल्याकडे डिचोलीपासून पेडण्यापर्यंत सांगतात, आणि याच बहिणींत म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला मिराबाय म्हणून धरतात. नाव बदलले, पूजाविधी बदलला, धर्मही बदलला. नाते मात्र दोन्हीकडची माणसे मानत आली आहेत. हे अभेदाचे उदाहरण नव्हे. बहिणी म्हणजे एक व्यक्ती नव्हे. पण वेष, भाषा आणि विधी यांच्या भेदावरून ‘काही संबंध नाही’ असे म्हणू पाहणाऱ्यास या लोकपरंपरेने पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

आता त्या देवस्थानातील वादाकडे वळू. पहिल्या महाजनांनी आडनाव आणि बोली यांवरून भेद ठरवला. पण गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या घराण्यांची आडनावे आणि बोली स्थलांतराने बदलल्या, शेणवी तेथे शेणॉय झाले, हे सर्वश्रुत आहे. जी खूण प्रवासातच बदलते ती प्रवास झालाच नाही याची साक्ष कशी देईल? तो कावळा होता. दुसऱ्या महाजनांनी गोत्रावरून अभेद ठरवला. गोत्र ही खूण प्रवासात टिकते खरी. ते जुळले नसते तर प्रश्न तेथेच मिटला असता. पण एका गोत्राची कुळे कितीतरी असतात. आठाच्या आकड्याची गाठ आणि कडे या दोघांचेही उत्तर एकच आले होते. पहिल्यांच्या हातून अन्याय होण्याचा संभव होता. दुसऱ्यांच्या औदार्याने कोणाचे तत्काळ नुकसान झाले नसते. तथापि सभासंमेलनांत ‘आपण सारे एकच’ असे ठोकून देणाऱ्यांची जी सवय आहे तीच येथेही होती, आणि तिचाही आम्हांस कंटाळा आहे. ज्याला मार्ग शोधण्याचे कष्ट घ्यावयाचे नाहीत, त्याला ‘एकच’ म्हणणे फार स्वस्त पडते.

उरते ती तिसरी अवस्था, आणि ती आपल्या माणसांस सर्वांत जड जाते: ठरलेले नाही असे म्हणणे, आणि म्हणून दार लावून न घेणे. गणितज्ञ अशी गाठ कोष्टकात प्रश्नचिन्ह घालून ठेवू शकतो. देवस्थानाच्या वहीत प्रश्नचिन्हाचा रकाना नसतो, आणि समोर उभा असतो तो दोरा नव्हे, प्रवास करून आलेला माणूस.

त्या दिवशी पुष्कळ बोलणे झाल्यावर असे ठरले की नाव तूर्त लिहावयाचे नाही, नकारही लिहावयाचा नाही. कुटुंबाने अभिषेक केला, प्रसाद घेतला, आणि घराण्यातील जी जी नावे, जी जी गावे आठवतात ती एका कागदावर लिहून ठेवून ते परत गेले. कागदावर खालून वर चार पिढ्या आहेत आणि मग मोकळी जागा आहे. त्यांची पत्रे आम्हांस अधूनमधून येतात. अंकोल्याकडे एका नातलगाच्या घरी जुनी वही निघाली, तीत आणखी दोन नावे मिळाली, असे गेल्या दिवाळीच्या पत्रात होते. अंकोल्याच्या अलीकडचे नाव अजून मिळालेले नाही.